चाळीस टक्के आणि त्यापुढचे अपील

रिद्धपूर महाराष्ट्राला ठाऊक आहे ते गोविंदप्रभूंमुळे, लीळाचरित्रामुळे आणि अलीकडे मराठी भाषा विद्यापीठामुळे. मोर्शी तालुक्यातल्या या गावाला आणि त्याच्या भोवतीच्या संत्रा-कपाशीच्या पट्ट्याला आणखी एक वाट पाठ आहे. ती जाते अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाकडे, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘इर्विन’कडे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी बोर्डापुढे उभे राहायचे तर बहुतेकांना तिथे जावे लागते, आणि परत आलेल्याला गावात पहिला प्रश्न विचारला जातो: टक्के किती लागले? निराधारचे पैसे, एसटीची सवलत, मुलाची शिष्यवृत्ती, नोकरीतले आरक्षण, ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या पाच टक्के निधीतला वाटा, हे सगळे त्या आकड्याला बांधलेले असते.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. २०१८मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७६वी फेरी झाली, तेव्हा देशातल्या दिव्यांगांपैकी फक्त २८.८ टक्के लोकांकडे प्रमाणपत्र होते. दहापैकी सात जण या दारापर्यंत पोचलेलेच नव्हते. बोगस प्रमाणपत्रांवर आज जी तावातावाने चर्चा चालते, ती ऐकताना हा आकडा समोर ठेवावा असे मला वाटते. तपासणी कशी होते, तिच्या आधी काय तयारी लागते, निकाल चुकला तर दाद कुठे मागायची आणि या पद्धतीबद्दल जाणकारांत मतभेद कोणते आहेत, हे इथे क्रमाने पाहू.

कायदा इथवर कसा आला

वऱ्हाडात या प्रश्नाची सुरुवात कायद्याने झाली नाही. १९४६मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीजवळ तपोवन उभे केले, तेव्हा कुष्ठरोग्याला टक्केवारी विचारणारे कुणी नव्हते. त्याला घर आणि काम हवे होते. सरकारी मदतीचा नियमित धागा राज्यात १९८०च्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेपासून दिसतो. तिच्यात विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी अशांबरोबर दिव्यांगही आले. दिव्यांगत्व सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न तिथूनच कागदावर आला.

१९९५च्या पहिल्या केंद्रीय कायद्याने सात प्रकार मानले: अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, श्रवणदोष, हालचालीचे अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. चाळीस टक्क्यांची रेषाही त्याच कायद्यात आली. २००१मध्ये मोजमापाच्या सविस्तर मार्गदर्शक सूचना निघाल्या. २००७मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली आणि विचाराची दिशा बदलली. माणूस अडतो तो केवळ शरीरामुळे अडत नाही. पायऱ्या, नियम आणि लोकांची नजर यांच्यामुळेही अडतो, ही त्या कराराची भूमिका आहे. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा त्याच भूमिकेतून आला आणि १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. सातचे एकवीस प्रकार झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, आम्लहल्ल्यातील पीडित, पार्किन्सन असे कितीतरी लोक प्रथमच कायद्याच्या कक्षेत आले. चाळीस टक्क्यांची रेषा मात्र ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हणून तशीच राहिली. कायद्याची भाषा समाजाकडे वळली आणि मोजपट्टी वैद्यकाच्या हातात राहिली. पुढचे बरेचसे वाद या तिढ्यातून निघालेले आहेत.

नंतरचे टप्पे थोडक्यात. मोजमापाच्या नव्या सूचना जानेवारी २०१८मध्ये आल्या आणि मार्च २०२४मध्ये सुधारल्या गेल्या. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला. एप्रिल २०२३पासून केंद्राच्या योजनांसाठी ‘यूडीआयडी’, म्हणजे वैश्विक ओळखपत्र, सक्तीचे झाले. ऑक्टोबर २०२४च्या नियमदुरुस्तीने अर्ज ऑनलाइन केला, प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने केली आणि कार्डाला रंग दिले. चाळीसच्या खाली पांढरा, चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान पिवळा, ऐंशी व त्यावर निळा. त्याच दुरुस्तीनुसार दोन वर्षे निर्णयाविना पडून राहिलेला अर्ज निष्क्रिय होतो. सेतू केंद्रातून अर्ज भरून ‘बोलावतील तेव्हा जाऊ’ म्हणत थांबलेल्या माणसाला ही तरतूद महागात पडू शकते.

टक्के कसे लागतात

डॉक्टर नजरेच्या अंदाजाने आकडा लिहितात, असा गावात सर्रास समज आहे. प्रत्यक्षात प्रत्येक प्रकारासाठी छापील कोष्टक आहे. दृष्टीसाठी दोन्ही डोळ्यांची, चष्मा लावून मिळणारी क्षमता पाहतात. एका डोळ्याला अजिबात दिसत नाही आणि दुसरा चांगला आहे, अशा माणसाला तीस टक्के लागतात, म्हणजे तो रेषेखाली राहतो. ऐकण्यासाठी दोन्ही कानांची ऑडिओमेट्री लागते. कायद्याच्या परिशिष्टात दोन्ही कानांना ७० डेसिबल हानी म्हणजे बधिरत्व आणि ६० ते ७० डेसिबल म्हणजे कमी ऐकू येणे अशी व्याख्या आहे. बौद्धिक दिव्यांगत्वात जुन्या सूचनांनुसार बुद्ध्यांक ५० ते ६९ असला तर पन्नास टक्के, ३५ ते ४९ असला तर पंचाहत्तर, २० ते ३४ला नव्वद आणि त्याखाली शंभर लागत.

हातापायांचे मोजमाप जास्त गुंतागुंतीचे आहे. सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद आणि स्थैर्य तिथे वेगवेगळे पाहतात. पायाच्या स्थैर्यासाठी जुन्या सूचनांत नऊ क्रिया दिल्या होत्या आणि प्रत्येकीला दहा गुण होते: सपाट जागी चालणे, उतारावर चालणे, जिना चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, अधू पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघे टेकणे, वळणे. भारतीय माणूस कसा बसतो-उठतो याचा विचार या यादीमागे दिसतो. म्हणून ‘ही सगळी पद्धत निव्वळ अवयव मोजते’ हा आरोप पूर्णपणे खरा मानता येत नाही.

मानसिक आजारासाठी भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केलेली ‘आयडियाज’ ही मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज, आणि काम या चार बाबींना गुण दिले जातात, आजार किती काळापासून आहे त्याचेही गुण मिळतात आणि एकूण सात किंवा जास्त झाले की माणूस चाळीस टक्क्यांच्या वर जातो. ही माहिती रुग्णापेक्षा बहुधा घरच्यांकडून घ्यावी लागते. घरचे लाजेपोटी ‘बरा आहे आता’ म्हणाले, तर कागदावर तो बराच ठरतो.

दोन दिव्यांगत्वे असतील तर आकड्यांची साधी बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात छोटा आकडा पुरता मिळवत नाहीत. नव्वदमधून मोठा वजा करून जे उरते त्याच्या प्रमाणात मिळवतात. वीस आणि वीस मिळून चाळीस होत नाहीत, सुमारे साडेपस्तीस होतात. पंचवीस आणि पंचवीस मात्र त्रेचाळीस होतात. पाय आणि कान दोन्ही अधू असलेल्या माणसाने अर्जात फक्त पाय लिहिला, तर कान तपासलाच जात नाही आणि रेषा ओलांडण्याची त्याची खरी संधी हुकते. हे गणित गावपातळीवरच्या कुणालाही, अगदी आशा सेविकेलासुद्धा, कधी समजावून सांगितलेले मी पाहिलेले नाही.

बोर्डापुढे जाण्याआधी

तयारी म्हणजे लबाडी नव्हे. खोटे सांगून लाभ घेणाऱ्याला कलम ९१ने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. तयारी याचा अर्थ इतकाच की जे खरे आहे ते त्या थोड्या मिनिटांत डॉक्टरांपर्यंत पूर्ण पोचावे.

अर्ज राहत्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडे करता येतो, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात उपचार झाले तिथेही. रिद्धपूरच्या एखाद्या रुग्णाची सगळी शस्त्रक्रिया नागपूरच्या मेडिकलमध्ये झाली असेल, तर हा दुसरा पर्याय त्याच्या सोयीचा ठरतो, कारण त्याचे कागद तिथेच असतात. अर्जदार अज्ञान असेल किंवा दिव्यांगत्वामुळे स्वतः अर्ज करू शकत नसेल, तर पालक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. आधार, अलीकडचा फोटो, पत्त्याचा पुरावा हे तर लागतेच. खरे वजन उपचाराच्या कागदांना असते: डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि एमआरआयचे अहवाल, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, शाळेचे शेरे, जुने प्रमाणपत्र. मूळ प्रती स्वतःकडे ठेवून झेरॉक्स द्यावी. तारखेप्रमाणे लावलेली एक फाईल पिशवीभर सुट्या कागदांपेक्षा जास्त बोलते.

दुसरी तयारी सांगण्याची. वऱ्हाडी माणसाची सवय अशी की डॉक्टर दिसले की तो सरळ उभा राहतो, ‘जमते साहेब’ म्हणतो. कष्टकऱ्याचा तो स्वाभिमान आहे, पण तपासणीत तोच त्याच्या विरुद्ध जातो. वाईट दिवशी काय होते, न थांबता किती चालता येते, अंघोळ-कपड्याला कुणाची मदत लागते, रात्री किती वेळा उठावे लागते, आकडी महिन्यातून किती वेळा येते, हे सोबतच्या माणसाने महिनाभर आधीपासून वहीत लिहून ठेवावे. अपस्मार, सिकलसेल, मनोविकार अशा चढउताराच्या आजारांत ही वही फार मोलाची, कारण तपासणीचा दिवस चांगला निघाला तर शरीर काहीच दाखवत नाही. रोज वापरता ती काठी, कॅलिपर किंवा श्रवणयंत्र सोबत न्यावे.

प्रमाणपत्र हातात आले की तिथल्या तिथे चार गोष्टी वाचाव्यात: नाव आधारप्रमाणे आहे का, दिव्यांगत्वाचा प्रकार बरोबर लिहिला आहे का, टक्केवारी किती, आणि प्रमाणपत्र कायमचे आहे की मुदतीचे. सुधारण्याची शक्यता असेल तर मुदतीचे देतात. मुदत संपल्यावर लाभ थांबतो आणि हे बऱ्याच घरांत बँकेत पैसे न आल्यावर कळते.

नकार आणि दाद

सगळे नकार सारखे नसतात. एक वैद्यकीय असतो: टक्के कमी लागले, किंवा ‘दिव्यांगत्व नाही’ असा निष्कर्ष निघाला. दुसरा तहसील कार्यालयातला असतो: टक्के पुरेसे आहेत, पण उत्पन्नाचा दाखला बसत नाही, राज्यातल्या पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा नाही, हयातीचा दाखला दिला नाही, आधार बँकेशी जोडलेले नाही. संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये केली आहे. महिन्याला हे चार हजार दोनशेच्याही आत येते, आणि कुटुंबात मजुरीला जाणारा एक माणूस असला तरी ती ओलांडली जाऊ शकते. या नकाराविरुद्ध बोर्डाकडे जाऊन उपयोग नाही आणि कमी टक्क्यांविरुद्ध तहसीलदाराकडे जाऊन उपयोग नाही. लोकांच्या कित्येक फेऱ्या चुकीच्या दारात खर्च होतात.

वैद्यकीय निर्णयासाठी कायद्याची वाट अशी. कलम ५८नुसार प्राधिकाऱ्याने तपासणीनंतर प्रमाणपत्र द्यायचे, नाहीतर नकार लेखी कळवायचा. नियमांत त्यासाठी कारणांसह नकाराचा ठरलेला नमुना आहे. कलम ५९ अपिलाचा हक्क देते आणि अपिलीय प्राधिकारी, मुदत, पद्धत ठरवण्याचे काम राज्य सरकारवर सोपवते. सगळे अवलंबून आहे ते लेखी नकारावर. खिडकीवरून ‘तुमचं बसत नाही’ एवढे ऐकून घरी आलेल्या माणसाकडे अपील करायला काही नसते. म्हणून मागायचा पहिला कागद नकाराचा. तो मिळाला नाही तर माहिती अधिकारात आपल्या तपासणीच्या नोंदींची प्रत मागता येते. तिथे तीस दिवसांची मुदत आहे.

अपिलात ‘अन्याय झाला’ एवढे लिहून भागत नाही. कोणती चाचणी झाली नाही, कोणता अहवाल पाहिला गेला नाही, कोष्टकातला कोणता भाग सुटला, हे लिहावे आणि जमल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचा अहवाल जोडावा. आधीच्या प्रमाणपत्रात जास्त टक्के असतील तर ते जोडून, मधल्या काळात काही सुधारणा झाली नसल्याचे उपचाराच्या कागदांनी दाखवावे. वकिलाचा खर्च ही अडचण कायद्यापुरती तरी सुटलेली आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे आणि तालुका पातळीवरच्या विधी सेवा समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. हक्क डावलला गेल्याची तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे नेता येते. शेवटी उच्च न्यायालय. अमरावती-अकोल्यासाठी नागपूर खंडपीठ. न्यायालय सहसा स्वतः टक्के ठरवत नाही, नव्याने तपासणीचा आदेश देते. हातावर पोट असलेल्या माणसाला नव्या तपासणीसाठी नागपूर किंवा अकोल्याच्या मोठ्या रुग्णालयात जावे लागले, तर मजुरी बुडते आणि सोबतच्या माणसाचीही बुडते.

मतांचे धागे

एक बाजू वैद्यकीय आणि प्रशासकीय यंत्रणेची. लाभ सरकारी तिजोरीतून जातो, आरक्षणाच्या जागा मोजक्या असतात, त्यामुळे कुणीही कुठेही तपासले तरी तोच आकडा यावा अशी मोजपट्टी हवी, असे हे लोक म्हणतात. २०२४मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला, आणि २०२५मध्ये राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने जिल्हा परिषदांमधल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रे पडताळण्याचे आदेश दिले. बोगस प्रमाणपत्राने बळकावलेली जागा खऱ्या दिव्यांगाचीच असते, हे त्यांचे म्हणणे नाकारता येत नाही. गर्दीच्या दिवशी ठरावीक वेळात कितीतरी माणसे तपासणाऱ्या डॉक्टरांवर किती ताण येतो, हेही ते सांगतात.

दुसरी बाजू दिव्यांग चळवळीची. तिचे म्हणणे असे की एकच आकडा फार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देऊ शकत नाही. मोर्शीच्या बाजारात शिवणयंत्रावर बसणारा माणूस आणि संत्र्याच्या बागेत तोडणीला जाणारा मजूर, दोघांच्या पायाला सारखेच पस्तीस टक्के लागतील. पहिल्याचे काम चालू राहते, दुसऱ्याचे संपते. उलट टोकालाही तसेच. शेजारच्या चांदूर बाजार तालुक्यातले माधानचे गुलाबराव महाराज अगदी बालपणी दृष्टी गमावून बसले आणि चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. आजच्या कोष्टकात ते सर्वांत वरच्या टोकाला असते आणि त्या आकड्यावरून त्यांच्या बुद्धीबद्दल काहीही कळले नसते. असामान्य माणसाचे उदाहरण देऊन सामान्याचा हक्क कमी करणे चूकच; पण टक्केवारी आणि क्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून स्पष्ट होते.

सर्वोच्च न्यायालय गेल्या काही वर्षांत या दुसऱ्या बाजूकडे झुकलेले दिसते. विकास कुमार प्रकरणात २०२१मध्ये न्यायालयाने सांगितले की परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येत नाही. ती रेषा आरक्षणासारख्या विशिष्ट लाभांपुरती आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये ओंकार गोंड या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात निर्णय आला. वाचा-दोषाची टक्केवारी मर्यादेपेक्षा जास्त म्हणून त्याला वैद्यकीय प्रवेशाला अपात्र ठरवले होते. केवळ आकड्यावरून अपात्र ठरवू नये, तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का हे बोर्डाने कारणांसह सांगावे, असे न्यायालय म्हणाले. हा विचार प्रवेशापुरता आहे. निराधारच्या पैशांसाठी इर्विनला आलेल्या शेतमजुराच्या तपासणीत तो अजून उतरलेला नाही.

तिसरा धागा आजारांच्या असमान वागणुकीचा, आणि विदर्भाला तो फार जवळचा आहे. सिकलसेल मेळघाटातल्या आदिवासींत आणि विदर्भातल्या काही दलित समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. २०१६च्या कायद्याने तो दिव्यांगत्व मानला, पण कलम ३४मधल्या नोकरीच्या आरक्षणाच्या यादीत रक्ताचे विकार नाहीत. त्यातून मोजमापाची अडचण: वेदनेचा झटका आला की माणूस तडफडतो आणि झटका गेला की चालताफिरता दिसतो. धारणी-चिखलदऱ्यातून अमरावतीला उतरायलाच दिवस जातो, तिथे झटक्याच्या दिवशी बोर्डापुढे कोण पोचणार? कुष्ठरोगमुक्तांचे दुखणेही याच जातीचे. बोटांची विकृती मोजता येते, पण कुणी घर भाड्याने देत नाही, याला कोष्टकात रकाना नाही.

चौथा मुद्दा पैशाचा. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना ऐंशी टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब मागते आणि केंद्राचा वाटा दरमहा तीनशे रुपये आहे. राज्य चाळीस टक्क्यांवर देते. संजय गांधी योजनेची रक्कम जुलै २०२३मध्ये हजारावरून दीड हजार झाली आणि दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५पासून अडीच हजार. त्याआधी जून २०२५मध्ये बच्चू कडू यांनी अमरावती जिल्ह्यातच, गुरुकुंज मोझरीला उपोषण केले, तेव्हा शेतकरी कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना दरमहा सहा हजारांची मागणी होती. रक्कम वाढवावी की रेषा खाली आणून जास्त लोकांना घ्यावे, यावर चळवळीतही एकमत नाही. रक्कम वाढली की चाळिसाच्या अलीकडचा आणि पलीकडचा यांच्यातला फरकही वाढतो, म्हणून एकोणचाळीस टक्के लागलेल्याला अपिलाची गरज आज पूर्वीपेक्षा जास्त आहे.

ब्रिटनचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे २०१३पासून सुरू झालेल्या भत्त्यासाठी अवयवाची टक्केवारी न पाहता स्वयंपाक, अंघोळ, कपडे, औषधे, वाट शोधणे अशा रोजच्या क्रियांना गुण देतात. पद्धत बदलली म्हणून तक्रारी थांबल्या नाहीत. आधी खात्याकडेच फेरविचार मागायचा, मग स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जायचे, आणि तिथे सुनावणी झालेल्या निम्म्याहून अधिक प्रकरणांत निकाल अर्जदाराच्या बाजूने लागतो. याचे दोन अर्थ लावले जातात. पहिली तपासणीच कच्ची आहे, असे काही म्हणतात. अपिलाची वाट खरोखर चालती आहे, असे काही म्हणतात. मला दोन्ही पटतात. आपल्याकडे पहिली तपासणी किती वेळा चुकते हे कळायला मार्गच नाही, कारण त्या तपासणीच्या पुढे फारसे कुणी जातच नाही.

अजून न सुटलेले

कलम ३८मध्ये टक्केवारीपेक्षा वेगळा एक विचार आहे: ज्याला जास्त आधाराची गरज आहे, त्याने वेगळ्या प्राधिकाऱ्याकडे तशी मागणी करायची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणाऱ्या घरासाठी ही तरतूद फार महत्त्वाची ठरू शकते. गावपातळीवर मात्र तिची चर्चा जवळजवळ ऐकू येत नाही.

पालक नसलेल्यांचा प्रश्न तसाच आहे. परतवाड्याजवळच्या वझ्झरला अनाथ दिव्यांग मुलांना वाढवणारे शंकरबाबा पापळकर यांना २०२४मध्ये पद्मश्री मिळाली. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर अशा मुलांनी आश्रमातून बाहेर पडू नये, त्यांचे कायमचे पुनर्वसन व्हावे, ही त्यांची फार जुनी मागणी. सारी तपासणीपद्धत असे गृहीत धरते की कागद सांभाळणारा, बसने सोबत येणारा, वाईट दिवसांची हकीकत सांगणारा कुणीतरी घरात आहे. ज्याचे कुणी नाही त्याच्या वतीने हे कुणी करायचे, याचे उत्तर संस्थांच्या सदिच्छेवर सोडलेले आहे.

तपासणी कुठे व्हावी, यावरही दोन मते आहेत. पाय तुटलेला आहे, डोळे पूर्ण गेले आहेत, असे उघड दिसणारे दिव्यांगत्व मोर्शीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा त्याहून जवळ प्रमाणित करावे आणि जिल्ह्याच्या बोर्डाचा वेळ मनोविकार, बहुविकलांगता, रक्ताचे विकार अशा अवघड प्रकरणांना द्यावा, असे एक मत. तपासणी विखुरली की गैरप्रकारांना वाव मिळतो, असे दुसरे. तालुक्याच्या ठिकाणी भरणारी शिबिरे हा आज मधला मार्ग आहे, पण शिबिराच्या दिवशी सगळ्या शाखांचे तज्ज्ञ एका ठिकाणी असतीलच असे नाही. माझा कल पहिल्या मताकडे आहे, कारण तुटलेला पाय खोटा दाखवता येत नाही.

आणि सध्या सर्वांत निकडीचा प्रश्न पडताळणीतून आला आहे. फेरतपासणीत ज्याचे टक्के पंचेचाळीसचे पस्तीस झाले, तो लबाडच असेल असे नाही. त्याला आधी जुन्या सूचनांनुसार मोजले असेल आणि आता नव्या, मधल्या काळात कॅलिपर किंवा शस्त्रक्रियेने थोडे बरे झाले असेल, किंवा दोनपैकी एका तपासणीत मोजमाप चुकले असेल. कलम ९१ची शिक्षा फसवणुकीसाठी आहे, टक्के उतरण्यासाठी नाही. तरी आकडा उतरला की नोकरी आणि चारित्र्य दोन्हींवर एकदम बोट रोखले जाते. अशा माणसाचे अपील कोणी ऐकायचे, ते चालू असेपर्यंत त्याचा लाभ चालू ठेवायचा की थांबवायचा, आणि पहिल्या बोर्डावरचे डॉक्टर अपिलाच्या बोर्डावर बसू शकतात का, या तीन प्रश्नांची उत्तरे जिल्ह्याच्या ठिकाणी, दिव्यांगाला वाचता येईल अशा मराठीत, भिंतीवर लावलेली कुठे दिसत नाहीत.